खुर्चीतलं मिनिट

तिसगावात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आमच्याकडे दोनच प्रकारचे फ्लेक्स खपतात, वाढदिवसाचे आणि दशक्रियेचे. वाढदिवसवाल्यांकडे फोटो ढिगाने असतात. चष्म्याचे, बिगरचष्म्याचे, जीपला टेकून, फोन कानाला लावून. दशक्रियेवाल्यांकडे मात्र फोटोच नसतो. माणूस पंच्याहत्तर वर्षं जगून गेलेला असतो आणि घरचे मतदान कार्ड घेऊन येतात. त्यावर नखाएवढा काळा चेहरा. तो मी चार फुटांवर ताणायचा आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायचं. लोक चौकात उभे राहून विचारायचे, नक्की वारलं कोण?

मच्छिंद्रच्या आज्याचा फ्लेक्स मीच असा बिघडवला होता. मच्छिंद्र म्हणजे आमच्या भागातला शूटिंगवाला. आजूबाजूच्या वस्त्यांवर लग्न असलं की हळदीपासून पाठवणीपर्यंत कॅमेरा याचाच. तो मच्छिंद्र, मी गोरक्षनाथ, आणि नाथांचं मढी इथून हाकेवर, त्यामुळे शाळेपासून आमची नावं जोडीनेच घेतली जातात. फरक एवढाच की मी तोंडाळ आहे आणि तो गुळमुळीत. कुणी चारदा तारीख बदलली तरी "आसू द्या". कुणी मांडवात त्याच्याच स्टुलावर चढून नाचलं तरी "आसू द्या". त्याच्या या "आसू द्या"चा मला लहानपणापासून राग येतो. हे सगळं सांगताना तो राग मधूनमधून दिसेल, त्याला माझा इलाज नाही.

तर, आज्याच्या त्या फ्लेक्सनंतर मच्छिंद्रने एक खोड लावून घेतली. लग्नात पंगती बसल्या, नवरा-नवरी फोटोत गुंतले, की हा मांडवाच्या मागे जाऊन एक लाल प्लास्टिकची खुर्ची टाकायचा. स्वतःची, मोटारसायकलला बांधून आणलेली. मांडवातल्या खुर्च्यांच्या पाठीवर मंडपवाल्याचं नाव असतं आणि ते चित्रात येतं, म्हणून. घरातलं म्हातारं माणूस हाताला धरून आणायचा, खुर्चीत बसवायचा, गळ्याजवळ छोटा माइक लावायचा आणि सांगायचा, "नाव सांगा, गाव सांगा, आन् घरच्यांस्नी काय सांगायचंय ते सांगा. एकच मिनिट. हे तुमच्या घराबाहेर जायचं न्हाई आन् यातला एक सबूद मी बदलायचो न्हाई."

हे मिनिट लग्नाच्या सिनेमात जात नसे. त्याचे पैसेही तो घेत नसे. ते त्याच्या लॅपटॉपमध्ये 'खुर्ची' नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहायचं. आमच्याकडे निम्मं गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं आणि पाडव्याच्या आगेमागे परततं. म्हातारी माणसं मागे राहतात आणि त्यांना जायचं असतं ते नेमकं थंडीत. पोरं कारखान्यावरून पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. मग दहाव्याच्या दिवशी मच्छिंद्र डोक्याला रुमाल बांधून त्या घरी जायचा आणि थोरल्या मुलाच्या हातात पेनड्राइव्ह ठेवायचा. त्यातूनच मला फ्लेक्ससाठी स्वच्छ फोटोही मिळायचा. तेव्हापासून तिसगावातले मेलेले लोक ओळखू येऊ लागले.

राधाकृष्णची आई छबूबाई गेली तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. राधाकृष्ण टोळीबरोबर लांब कारखान्यावर होता, तो आला तेव्हा राख सावडून झाली होती. मच्छिंद्रने त्याला आत बोलावून लॅपटॉपवरच ते मिनिट दाखवलं. छबूबाई खुर्चीत बसलेली आणि बोलतच नव्हती. नाव नाही, गाव नाही. पदर ओठांवर धरून एक अख्खं मिनिट नुसती समोर बघत होती, आणि शेवटी उठू का म्हणून डोळ्यांनीच विचारत होती. दुसऱ्या कुणी हे पुसून टाकलं असतं. मच्छिंद्रने ठेवलं होतं. राधाकृष्णने ते दोनदा बघितलं आणि हुंदका देऊन म्हणाला, "आय आशीच हुती. कधी बोललीच न्हाई बग." त्या दिवशी मला मच्छिंद्रचा अभिमान वाटला होता. त्याला तसं बोललो नाही, कारण आमच्यात तशी पद्धत नाही.

त्याच्या स्वतःच्या आईचं, बायडाबाईचं, मिनिटही त्या फोल्डरमध्ये होतं. ती नाव-गाव सांगायचं पार विसरली होती. माइककडे बघून तिने नाक मुरडलं, "हे काय लावलं गळ्याला?" म्हणाली, आणि मग कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या लेकाला विचारलं, "मच्छू, तू जेवलास का? सकाळधरनं बगतीया, नुसता हिंडतुया." संपलं मिनिट. पुढच्या वर्षी ती गेली. मच्छिंद्र ते मिनिट कुणाला दाखवत नसे. मला एकदाच दाखवलं, आणि म्हणाला, "गोरख, बाकीच्यांच्या आया घरच्यांशी बोलल्यात. माझी माझ्याशी बोलली." त्याच्याकडे तिचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि ते त्याला पुरत होतं.

आता लॅपटॉपचं. तो होता गेमिंगचा. मच्छिंद्रला पत्त्यातला गुलाम ओळखू येत नाही, गेम कुठला खेळतोय. पण लग्नाचं एडिटिंग करायला त्या लॅपटॉपमधलं ग्राफिक कार्ड लागतं, म्हणून सगळे शूटिंगवाले तोच घेतात. बटणांखाली लाल, निळे, हिरवे दिवे लागायचे. मच्छिंद्रचे वडील पुंजाराम, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, त्या लॅपटॉपला 'डिस्को' म्हणायचे. आबांना मोतीबिंदूमुळे माणसं धुरकट दिसतात, पण ते दिवे दिसायचे.

दोनेक वर्षांपूर्वी डिस्को रडायला लागला. नवा कॅमेरा फोर-के होता, एकेका लग्नाची फाइल अवाढव्य. मच्छिंद्रने एक कट मारला की पडदा गोठायचा, पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंगवायचा आणि मग सगळंच बंद पडायचं. त्याने मला समजावलं होतं, रॅम म्हणजे कामाचं टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. याचं टेबल होतं आठ जीबीचं आणि कपाट काठोकाठ भरलेलं. भरलं होतं ते खुर्चीने. तीनशेच्या वर म्हातारी माणसं त्यात बसली होती. लग्नं बाहेरच्या डिस्कवर टाकून पुसता येत होती, पण खुर्ची त्याला लॅपटॉपमध्येच हवी होती. सुतकातलं माणूस दारात आल्यावर तारा जोडत बसायचं नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याचा साडू अमृत हा देवळाली प्रवऱ्याचा. राहुरीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, शिवाय लग्नात एलईडी भिंत लावायचा धंदा. मच्छिंद्रची बायको सुरेखा, तिची थोरली बहीण पूजा, आणि पूजाचा नवरा हा अमृत. म्हणजे थोरला साडू. बोलणं असं गोड की चहात साखर घालायला नको. त्याने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाव्हणं, नवीन कशाला घेता? रॅम वाढवू, डिस्क मोठी टाकू. मी येतोच हाय पित्राला, सामान घिऊनच येतो."

बायडाबाई आबा असतानाच गेलेली, म्हणून तिचं पितर अविधवा नवमीला असतं. त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. सवाष्ण म्हणून पूजाला बोलावलं होतं आणि जोडीने अमृत. मीही जेवायला होतो. खीर, वडे, आमटी, भजी झाली, आणि हात धुऊन अमृत कामाला बसला.

माणूस कामात हुशार, हे मी नाकारणार नाही. आधी त्याने नवी दोन टीबीची डिस्क बाहेरच्या डबीत घालून वायरने जोडली आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर चढवायला लावली. ते व्हायला दीड तास गेला. मग लॅपटॉप उलटा केला. माझ्याच दुकानातला एक वाढदिवसाचा फ्लेक्स तिथं पडला होता, त्याच्या पांढऱ्या बाजूवर त्याने पेनाने लॅपटॉपचा आकार काढला आणि जिथला स्क्रू तिथंच ठेवत गेला, कारण त्यात लांब-आखूड असतात. जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने मागचं झाकण सोडवलं. बॅटरीची वायर काढली. अंगातली वीज उतरावी म्हणून खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला आणि मगच रॅमला. आठची पट्टी उचकटून सोळाच्या दोन बसवल्या, दोन्ही वेळा 'कट्' असा आवाज आला. डिस्कची जागा एकच होती, म्हणून जुनी काढली आणि नवी घातली. जुनी डिस्क म्हणजे काय, च्युइंगमच्या वडीएवढी हिरवी पट्टी. ती त्याने टेबलाच्या कडेला ठेवली.

बटण दाबलं तर पडदा काळा. दिवे लागले, पंखा फिरला, पडदा काळाच. एक मिनिट झालं, दीड झालं. मच्छिंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. सुरेखाने देवाकडे तोंड करून हात जोडले. आबा बाजेवरून म्हणाले, "गेला का डिस्को?" अमृत मात्र शांत बसून दात कोरत होता. "नवी रॅम हाय, पहिल्यांदा वळख करून घेती," म्हणाला. आणि खरंच, थोड्या वेळाने पडदा उजळला. मच्छिंद्रने पहिलं काय उघडलं असेल तर 'खुर्ची'. सगळी माणसं जागेवर होती. त्याने एक लग्न उघडून सरसर कट मारले, लॅपटॉप हूं की चूं करीना. मच्छिंद्र लहान पोरासारखा हसला.

मजुरीचं विचारलं तर अमृतने कानाला हात लावला. "घरचं काम हाय."

इथं ती चूक झाली. आमच्याकडे पाव्हण्याला मोकळ्या हाताने उंबऱ्याबाहेर पाठवत नाहीत. सवाष्णीला लुगडं-चोळी झाली, ओटी भरली. अमृतच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्याला टोपी घातली, हातात नारळ दिला. पण त्याने केलेल्या कामापुढे टॉवेल-टोपी अगदीच किरकोळ वाटायला लागली. मच्छिंद्र इकडेतिकडे बघू लागला. टेबलावरची जुनी डिस्क त्याने उचलली, तिला हळद-कुंकवाचं बोट लावलं आणि नारळावर ठेवली. "राहू द्या तुमाला, कुनाच्या तरी लॅपटॉपला चालंल. फकस्त पुसून घ्या. माझी मानसं हायती तिच्यात."

"येडे का? गेल्या गेल्या पुसतो," अमृत म्हणाला.

मच्छिंद्रला समोरच पुसता आली असती. लॅपटॉप त्याचा, डबी तिथंच, दहा मिनिटांचं काम. पण थोरल्या साडूला वस्तू द्यायची आणि त्याच्या देखत ती रिकामी करून द्यायची, हे आमच्यात कसं दिसतं? डब्यातले लाडू काढून घेऊन नुसता डबा दिल्यासारखं. मच्छिंद्रला ते जमलं नाही. आणि मी तोंडाळ म्हणून मिरवतो, तर मीही खिरीवर सुस्तावून भिंतीला टेकलो होतो. मला ते दिसलं होतं. मी काही बोललो नाही.

पुढच्या वैशाखात राधाकृष्णची मुलगी दिशा, तिचं लग्न निघालं. कॅमेरा मच्छिंद्रचा आणि एलईडी भिंत अमृतची. मंगलाष्टकांच्या आधी निवेदकाने सगळ्यांना शांत बसायला सांगितलं. भिंत काळी झाली, बासरी वाजली, ढग आले. ढगांतून छबूबाई आली.

लाल खुर्ची काढून टाकली होती, तिच्या जागी सोनेरी सिंहासन होतं. पण लुगडं तेच, कपाळावरचं गोंदण तेच. तिने तोंडावरचा पदर बाजूला केला. आयुष्यात जो कधी केला नाही तो केला, आणि चांगल्या ठणठणीत आवाजात म्हणाली, "दिशा बाळा, तुझी आजी वरून बघतेय. सुखाने संसार कर. राधाकृष्णा, तू माझं सोनं केलंस." आणि तिने हात वर करून अक्षता टाकल्या.

मांडवात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वरची चिमणीसुद्धा उडाली. बायका पदराने डोळे पुसत होत्या. दिशा हमसून रडत होती. आणि खरं सांगतो, मीही टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग मी मच्छिंद्रकडे बघितलं. तो स्टुलावर कॅमेरा धरून उभा होता आणि कॅमेरा भिंतीकडे नव्हताच, जमिनीकडे होता. तेव्हा मला ते एक मिनिट आठवलं, आणि वाजवलेल्या टाळ्यांची लाज वाटली.

राधाकृष्ण धावत आला आणि त्याने मच्छिंद्रला मिठी मारली. "मच्छिंद्र, आयला बोलतं केलंस रं! अमृत पाव्हणं म्हनले, तुमच्या मच्छिंद्रनंच दिलंय म्हनून. तुजं उपकार फिटायचं न्हाईत." भर मांडवात, नवरीच्या बापाला, त्या घडीला काय सांगायचं? मच्छिंद्र म्हणाला, "आसू द्या."

जेवणं झाल्यावर त्याने अमृतला मांडवाच्या मागे गाठलं. मी बरोबर होतो. मच्छिंद्रचा आवाज चढला नाही. "पाव्हणं, पुसतो म्हनला हुतात."

अमृत जराही ओशाळला नाही. "आवो, पुसायलाच बसलो हुतो. बगितलं तर खजिना. हे काय पुसायचं आसतं का? तुमी नुसतं साठवून ठिवलं, मी एआयवं घालून त्याला तोंड दिलं. लोक रडले का न्हाई?"

"म्या सबूद दिला हुता त्यास्नी. घराबाहेर जायचं न्हाई, बदलायचं न्हाई."

"मेलेल्या मानसाला कसला सबूद? आन् तुमीच दिलीत ना डिस्क? नारळावं ठिवून, कुकू लावून. दिलेली वस्तू कशी वापरायची ते देनाऱ्यानं इचारायचं आसतं व्हय?"

मी अमृतला तिथं बरंच काही बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याने खिशातून रुमाल काढून घाम पुसला आणि एलईडीच्या वायरी गुंडाळायला निघून गेला.

घरी वेगळंच. सुरेखाला खूप वाईट वाटलं, पण पूजा तिची थोरली बहीण, आईच्या माघारी तिनेच हिला वाढवलेलं. "आता काय करता, दाजी हायती," एवढंच ती म्हणत राहिली. मच्छिंद्रने अमृतशी बोलणं टाकलं. मला वाटलं गाव याच्या बाजूने उभं राहील. ज्यांच्या आई-बापांसाठी हा माणूस वर्षानुवर्षं खुर्ची बांधून हिंडला, ते तरी म्हणतील की हे बरं झालं नाही. कसलं काय! दुसऱ्या आठवड्यापासून लोक दारात यायला लागले. "आमच्या म्हाताऱ्यालाबी बोलतं कर. वास्तुशांती हाय." मच्छिंद्र म्हणायचा, मला ते येत नाही आणि यायला नको. लोक म्हणायचे, साडूला देतो आन् आमाला न्हाई व्हय? आणि थेट राहुरीला फोन लावायचे. अमृतने नमुना म्हणून एक व्हिडिओ गावोगाव पसरवला होता. त्यात आमच्या भागातली आठ म्हातारी माणसं ढगांतून आशीर्वाद देत होती. त्यातले एक बाबा अजून जिवंत आहेत. ते काठी टेकत माझ्या दुकानात आले आणि विचारलं, "गोरख, मी गेलो का काय?"

मला सगळ्यात झोंबलं ते एका आजीचं बोलणं. पुढच्या हंगामात मच्छिंद्रने एका लग्नात खुर्ची टाकली आणि तिला बोलावलं, तर ती बसूनच राहिली पंगतीत. "आता कशाला बसायचं बाबा? मेल्यावं बोलता येतंय की. आत्तापरीस चांगलं बोलतंय मानूस." सगळी पंगत हसली. मच्छिंद्रही हसला. घरी येऊन त्याने खुर्ची पत्र्याच्या शेडमध्ये टाकली, तिच्यावर आता कोंबडी बसते.

त्यानंतर अमृतने शेवटचा हात मारला. बोलणं बंद होऊन पाच-सहा महिने झाले होते, आणि पूजाच्या मुलीच्या लग्नाची सुपारी ठरली होती. साडू आला नाही तर चारचौघांत दिसतं. एके सकाळी मच्छिंद्रच्या फोनवर व्हिडिओ आला. त्याने उघडला आणि आवाज मोठा होता.

बायडाबाई होती. खुर्चीत नाही, तुळशीपाशी. ती म्हणाली, "मच्छू, अमृतरावांवर राग धरू नकू. घरात भांडान बरं न्हाई. आन् आवो, तुमी येळच्या येळी गोळ्या घेत जावा."

हे मला मच्छिंद्रने नंतर सांगितलं. म्हणाला, "मी फोन भिताडावं मारनारच हुतो. तेवढ्यात आबा उठून बसलं." बाजेवर पडून असलेले आबा, धुरकट डोळ्यांचे, महिनोन्महिने घरात कुणाशी धड न बोललेले. ते चाचपडत उठून बसले आणि म्हणाले, "बायडा बोलली का रं?"

"न्हाई आबा. फोन हाय त्यो."

"फोनवं का हुईना. मला म्हनली ना, गोळ्या घ्या? परत लाव."

त्याने परत लावलं. आबांनी सुरेखाला हाक मारून पाणी मागितलं आणि रक्तदाबाची गोळी घेतली. जी गोळी ते थुंकून टाकायचे, जिच्यापायी घरात रोज वाद व्हायचे, ती त्यांनी मुकाट्याने घेतली. मच्छिंद्र त्यांना खरं सांगायला बसला. हे तुमच्या सुनेच्या दाजीने मशीनवर केलंय, आई असं बोललीच नाही, आवाज जोडलाय. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "आसंल," म्हणाले, "पर आवाज तिचाच हाय. सकाळी चहाच्या टायमाला लावत जा." मच्छिंद्रने मग त्यांना आईचं खरं मिनिटही ऐकवलं. आबा म्हणाले, "ह्ये तुज्याशी बोलली. त्ये माज्याशी."

तेव्हापासून रोज सकाळी त्या घरात ती बाई गोळ्या घ्या म्हणते. दोन टीबीची नवी डिस्क घातली, त्यातही ते आता जपून ठेवलंय. मला हे कळलं तेव्हा मी मच्छिंद्रवर उखडलो. म्हणालो, तुझ्या घरात चोरी झाली आणि चोरलेलीच वस्तू तू रोज ओवाळतोयस. तो म्हणाला, "गोळी घेतोय म्हातारा. तू यून देतो का गोळी?"

गेल्या महिन्यात मी संध्याकाळी त्याच्याकडे बसलो होतो. लॅपटॉपचे दिवे लागले होते, मच्छिंद्र कुणाचं तरी लग्न कापत होता. आबा बाजेवरून म्हणाले, "मच्छू, ती रोज त्येच बोलती रं. दुसरं बोलाया सांग की तिला." आवाज असा, की पोराने खाऊ मागावा. आणि मग हळूच, "आज गोळी नगं मला."

मच्छिंद्रने काम थांबवलं. मग फोन उचलला. कुणाला लावतोय ते मला कळलं आणि मी त्याचा हात धरला. त्याने हात सोडवून घेतला. इतकी वर्षं "आसू द्या" म्हणणाऱ्या माणसाने माझा हात कधी झटकला नव्हता.

"पाव्हणं, मच्छिंद्र बोलतोय."

पलीकडून अमृतचा तोच गोड आवाज. जणू काल संध्याकाळीच बोलणं झालं होतं. "बोला की."

"आईचं आजून एक करून पाठवा."

"पाठवतो की. त्यात काय एवढं. काय बोलू द्या?"

मच्छिंद्रने आबांकडे बघितलं. आबा मान पुढे काढून ऐकत होते. त्याच्याकडे आईचं खरंखुरं असं एकच वाक्य होतं, जे त्याने मी आणि आबा सोडून कुणाला दाखवलं नव्हतं. ते त्याने काढलं आणि अमृतला दिलं.

"जेवला का, आसं इचारू द्या."

मला त्या वेळी अमृतपेक्षा मच्छिंद्रचा राग आला, आणि मच्छिंद्रपेक्षा माझा. त्या नवमीला मी भिंतीला टेकून बसलो नसतो तर हे झालंच नसतं. मी चपला घातल्या. आबांनी बाजेवरून विचारलं, "काय म्हनली?"

मच्छिंद्रने फोन खाली ठेवला. "उद्या बोलते म्हनली," तो म्हणाला, आणि त्यांच्यासाठी गोळी काढायला उठला.